नवे पाते, आपला हक्क



ड्यूटी संपवून आपण दाढीला बसतो, तेव्हा वस्तऱ्यात पाते नवे घातले का, हे पाहत नाही. हेपटायटिस बी ही रक्तातून पसरणारी कावीळ. तिचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. डोळ्यांना न दिसणारे रक्तही त्याला पुरते. वस्तरा पाण्यात बुडवून पुसल्याने तो मरत नाही. सर्वांच्या गालांवर फिरणाऱ्या तुरटीचेही तेच.

म्हणून सलून असो वा पार्लर, पाते आपल्यासमोर पाकिटातून निघालेच पाहिजे. तुरटी घरून न्यावी. मात्र नव्या पात्याच्या पैशांवरून आपण घासाघीस करू नये. कारागीर आपल्यासारखाच श्रमिक. परक्या रक्ताचा धोका त्याला रोजचा. या कावीळीवर लस आहे. ती त्यालाही मिळावी, ही मागणी आपणच मांडू.