मालकाचा संघ, नोकरीचा संघ, गावाचा संघ

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सचिन येथे दिलेले व्याख्यान)



शताब्दीच्या व्याख्यानांत संतवाङ्मय, नाटक, कादंबरी हे विषय ठरलेलेच असतात. त्यांच्या पंक्तीला बास्केटबॉल येऊन बसलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. त्यातून सचिन नावाच्या गावी खेळावर बोलायचे म्हटल्यावर क्रिकेटखेरीज दुसरा खेळ कोणाच्या मनात यावा? तरीही मी हा विषय मुद्दाम निवडला आहे. लहान शहरातला संघ कशावर जगतो आणि कशामुळे संपतो, हे या खेळाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. आणि तो प्रश्न ग्रंथालयाच्या प्रश्नाहून फारसा निराळा नाही.

प्रथम या खेळाचा जन्म. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. हिवाळ्यात बाहेर बर्फ. तेव्हा छपराखाली खेळता येईल आणि हातपाय मोडणार नाहीत, असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी पीचची फळे ठेवण्याच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला टांगल्या, तेरा नियम लिहून काढले आणि वर्गातल्या अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ पाडले. खेळ सुरू झाला. पुढे वाय.एम.सी.ए.च्याच कार्यकर्त्यांनी तो जगभर नेला. आपल्याकडे १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी हा खेळ शाळाशाळांत पोहोचवला. १९३४ साली दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९५० साली राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. बर्फामुळे छपराखाली जन्मलेला हा खेळ आपल्या देशात मात्र उघड्यावर, सिमेंटच्या चौकात वाढला.

खेळाडूंचे आपण सहसा दोनच वर्ग करतो : हौशी आणि व्यावसायिक. प्रत्यक्षात बहुतेक चांगले खेळाडू या दोहोंच्या मधे असतात. दिवसा कारखान्यात किंवा कचेरीत काम आणि संध्याकाळी मैदान. त्यांचे पोट खेळावर चालत नाही. पण खेळ नसता तर ती नोकरीही मिळाली नसती. त्यांना अर्धव्यावसायिक म्हणावे. अमेरिकेतील लहान शहरांत १९३० ते १९५० या काळात अशा संघांची मोठी परंपरा होती. त्यांतील तीन संघांची हकीकत सांगतो, कारण त्यांत तीन निरनिराळ्या जाती दिसतात.

पहिली जात मालकाच्या संघाची. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे फ्रेड झोलनर यांचा पिस्टन बनवण्याचा कारखाना होता. त्यांनी कारखान्याचा संघ उभा केला आणि १९४१ साली तो नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये उतरवला. १९४४ आणि १९४५ अशी सलग दोन वर्षे त्याने अजिंक्यपद मिळवले. मालक हौशी आणि सढळ हाताचे होते, म्हणून संघ बलाढ्य झाला. परंतु १९५७ साली मालकांनी तो डेट्रॉइट या मोठ्या शहरी हलवला. फोर्ट वेनच्या लोकांनी वर्षानुवर्षे टाळ्या दिल्या होत्या. निर्णयात मात्र त्यांचा वाटा नव्हता.

दुसरी जात नोकरीच्या संघाची. ओक्लाहोमातील बार्टल्सव्हिल हे तेलकंपनीचे गाव. तेथील फिलिप्स पेट्रोलियम कंपनी महाविद्यालयांतून उत्तम खेळाडू निवडून आणी आणि त्यांना कचेरीत खरीखुरी नोकरी देई. बॉब कर्लंड हा सात फूट उंचीचा खेळाडू व्यावसायिक संघांकडे न जाता या कंपनीत रुजू झाला. १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याने मिळवली आणि खेळ संपल्यावरही त्याच कंपनीत वर चढत गेला. खेळाडूच्या आयुष्याचे कल्याण या पद्धतीत झाले. पण १९६८ साली कंपनीने संघ बंद केला आणि तो विषय मिटला.

तिसरी जात गावाच्या संघाची. विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश या गावी १९२९ साली लॉनी डार्लिंग नावाच्या बियाण्यांच्या फिरत्या विक्रेत्याने संघ जमवला. त्याच्यामागे मोठा धनिक नव्हता. तिकिटे, स्थानिक दुकानदारांचा आधार आणि गावाचा अभिमान यांवर तो वीस वर्षे चालला आणि १९४१ व १९४२ साली अजिंक्य ठरला. १९४९ साली दोन लीग एकत्र होऊन आजची एन.बी.ए. बनली, तेव्हा या गावाला तिचा खर्च झेपेना. शेजारचे शिबॉयगन त्या मोठ्या पंगतीत एकच हंगाम बसले आणि उठले.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे प्रामुख्याने दुसरी जात रुजली, नोकरीच्या संघाची. आणि तिचा सर्वांत मोठा आश्रयदाता म्हणजे रेल्वे. सचिनच्या स्थानकावरून रोज जाणाऱ्या गाड्या ज्या पश्चिम रेल्वेच्या आहेत, ती १९५१ साली बी.बी. अँड सी.आय. वगैरे जुन्या कंपन्या एकत्र करून बनली. रेल्वेने खेळाडूंना कारकून, तिकीट तपासनीस अशा जागांवर घेतले आणि सरावाला सवलत दिली. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ राज्यांच्या बरोबरीने स्वतंत्रपणे उतरतो. म्हणजे महाराष्ट्रात वाढलेला खेळाडू रेल्वेत लागला की महाराष्ट्राविरुद्ध उभा राहतो! महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तर रेल्वेचे वर्चस्व कित्येक दशकांचे आहे. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. त्याही रेल्वेकडूनच खेळल्या. मुलीने विशीनंतर खेळत राहावे यासाठी घरच्यांचे मन वळवायला पदकापेक्षा कायम नोकरीचे पत्र अधिक उपयोगी पडते, हे आपल्या समाजाचे वास्तव आहे.

परंतु नोकरी खेळाडूला उचलून घेते. घडवते ते मैदान. त्याचे उत्तम उदाहरण मुंबईतील नागपाडा. १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तेथे ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ ही समाजसेवेची संस्था सुरू केली. १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाचे समाजकार्याचे विद्यालय, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था, तिच्याच वास्तूत सुरू झाले. या संस्थेच्या आणि जवळच्या मस्तान तलाव भागातील मैदानांवर दाट वस्तीतल्या, बेताच्या परिस्थितीतल्या मुलांनी बास्केटबॉल आपलासा केला. बच्चू खान या प्रशिक्षकांनी तेथे मुलांच्या पिढ्या घडवल्या. आज ते मैदान त्यांच्याच नावाने ओळखले जाते. भारताचे नेतृत्व केलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले गुलाम अब्बास मुंतासिर याच नागपाड्याचे. त्या वस्तीने देशाला किती तरी खेळाडू दिले आणि खेळाच्या बळावर कित्येकांना रेल्वेसारख्या ठिकाणी पगार मिळाला. नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन या नावाची इंग्रजी आद्याक्षरे अमेरिकेच्या विख्यात लीगचीच आहेत, याची तेथील मंडळींना मोठी मौज वाटते.

दुसरे उदाहरण भिलाईचे. १९५९ साली तेथील पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली आणि तिच्याभोवती नवे गाव वसले. त्या वसाहतीच्या मैदानावर राजेश पटेल या प्रशिक्षकांनी सामान्य घरांतील मुलींना हाती धरले आणि छत्तीसगडचा महिला संघ देशातील अग्रगण्य संघांत नेऊन बसवला. त्यांतील कित्येक मुली पुढे रेल्वेच्या नोकरीत गेल्या. २०१८ साली पटेल यांचे निधन झाले. कारखान्याने वसाहतीबरोबर मैदानही वसवले आणि त्या मैदानाला एक झपाटलेला माणूस लाभला, एवढीच ती किमया होती.

येथे मला आपल्या सर्वांच्या अधिक जवळच्या विषयाकडे यायचे आहे. मुंबईच्या गिरणगावात बास्केटबॉल नव्हता, कबड्डी होती. पण संघाची जात हीच. गिरण्या चांगल्या कबड्डीपटूंना कामावर घेत आणि कामगारांच्या स्पर्धांत उतरवत. गिरणीत आठ तासांची पाळी होती. सकाळच्या पाळीचा कामगार दुपारी सुटला की संध्याकाळी मैदानावर हजर राही. कामगारांच्या कल्याणासाठी १९५३ साली मुंबई राज्याने कायदा करून निधी उभारला. सुरत जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता, म्हणून त्या कायद्याचा वारसा १९६० नंतर महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांकडे आला.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि कापडाचा धंदा अधिकाधिक यंत्रमागांकडे सरकला : भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि आपले सुरत. खानदेशातून ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेमार्गाने आलेली माणसे उधना, लिंबायत, पांडेसरा आणि सचिनच्या औद्योगिक वसाहतीत याच मागांवर उभी राहिली. माग आले, मैदान आले नाही. याला कोणा एकाचा दुष्टपणा कारण नाही. हजारो कामगारांच्या गिरणीला कल्याण अधिकारी ठेवणे आणि संघ पोसणे परवडत होते. काही मागांच्या छोट्या शेडला ते परवडत नाही. आणि बारा तासांची पाळी करून, तयार कापडाच्या मीटरांवर मजुरी घेणाऱ्या माणसाला संध्याकाळच उरत नाही. संघ उभा राहायचा तर पैशाआधी वेळ लागतो, ही गोष्ट खेळाच्या इतिहासात सहसा नोंदवली जात नाही.

मग अलीकडच्या लीगचे काय, असे कोणी विचारील. २०१५ ते २०१७ या काळात यू.बी.ए. नावाची व्यावसायिक बास्केटबॉल लीग झाली. तिच्यात ‘पुणे पेशवाज’ आणि ‘मुंबई चॅलेंजर्स’ असे संघ होते. खेळाडूंना काही काळ चांगली संधी मिळाली, हे मान्य. पण नावात गाव असले म्हणून संघ गावाचा होत नाही. लीग थांबली, तसे हे संघही थांबले. फोर्ट वेनची गोष्ट येथे पुन्हा आठवावी.

तेव्हा मालकाचा संघ मालकाच्या मर्जीवर आणि नोकरीचा संघ भरतीवर अवलंबून. गावाचा संघ टिकाऊ, पण त्याला बळ कमी. या तिढ्यातून वाट कोणती? त्याचे एक उत्तर येथून हाकेच्या अंतरावर, ग्रंथालयांच्याच इतिहासात आहे. शेजारचा नवसारी प्रांत बडोदा संस्थानात होता. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून गावोगावी ग्रंथालयांची चळवळ उभारली. तिचा नियम साधा होता : गावाने जितकी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांताने घालावी आणि तितकीच सरकारने. एक तृतीयांश भाग लोकांचा असल्यामुळे ग्रंथालय लोकांचे राहिले आणि दोन तृतीयांश बाहेरून आल्यामुळे ते दुबळे राहिले नाही. त्याच बडोद्यात हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली कबड्डीच्या नियमांची फेरतपासणी करून अखिल भारतीय स्पर्धा भरवली. वाचनालय आणि जिमखाना ही त्या काळच्या मराठी माणसाला एकाच घराची दोन दालने वाटत होती.

हाच एक तृतीयांशाचा नियम मैदानाला का लावू नये? एक वाटा वस्तीतल्या घरांच्या वर्गणीचा, एक कारखानदारांनी मिळून दिलेला, एक नगरपालिका वा शासनाचा. एकट्या छोट्या शेडला जे परवडत नाही, ते पन्नास शेडना मिळून परवडते. बास्केटबॉलला गवत लागत नाही. अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद एवढी फरसबंद जागा, जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर दोन कड्या आणि संध्याकाळी दिवे, एवढे पुरते. आपल्याच राज्यातील भावनगरने २०१९ साली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आणि २०२२ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतील बास्केटबॉल आपल्या गावी भरवला. या खेळासाठी महानगरच हवे असे नाही.

शेवटी ग्रंथालयाकडे एक मागणे. ऑशकॉशच्या संघाबद्दल मी आज येथे सांगू शकलो, कारण तेथील लोकांनी गुणपत्रके, छायाचित्रे, हिशेबाच्या वह्या जपून ठेवल्या. गिरणगावातल्या संघांचे असे किती दप्तर शिल्लक असेल? गिरण्या पडल्या, तशा भिंतीवरच्या तसबिरीही गेल्या. सचिन, उधना, पांडेसरा येथील मराठी कुटुंबांतून आजवर कबड्डी, खो-खो, कुस्ती, क्रिकेटचे जे संघ उठले असतील, त्यांची नावनिशी, जुने फोटो, स्पर्धांची पत्रके जमवून या ग्रंथालयाने एक कपाट त्यांना द्यावे. कवितासंग्रहाइतकाच त्यांचाही हक्क या वास्तूवर आहे. ज्या संघाची नोंद राहत नाही, त्याचे अनुकरणही पुढच्या पिढीला करता येत नाही.

आपण शंभर वर्षे वर्गणी गोळा करून पुस्तके टिकवली आहेत. मैदान टिकवण्याची विद्या त्याहून वेगळी नाही. ती या संस्थेला अवगत आहे, म्हणूनच हे मागणे येथे मांडले.