राजाची द्वाही, रेसिडेंटाचा हुकूम

पांढुर्णा-सौसरच्या नागरिक बंधुभगिनींनो,

युद्धात परक्या फौजेखाली गेलेला देश म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे बेल्जियम किंवा फ्रान्स उभा राहतो. वस्तुतः इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपली ही दोन्ही गावे ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होती, त्या राज्याचीच कथा आज आम्हांस सांगावयाची आहे.

परकी फौज येथे प्रथम लढून शिरली नाही. २७ मे १८१६ रोजी आप्पासाहेब भोसल्यांनी तैनाती फौजेचा तह केला. घरच्या भाऊबंदकीत टेकू हवा होता, तो कंपनीकडून घेतला आणि त्यापायी वर्षाला साडेसात लाख रुपये कबूल केले. बेडी घडविण्याची मजुरीही आपणच द्यावी, त्यातला हा प्रकार!

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांची लढाई जुंपली, तेव्हा नागपूर उठले. २६ व २७ तारखेस सीताबर्डीच्या टेकड्यांवर झुंज झाली आणि आपण हरलो. १६ डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या छावणीत गेले. पगारी अरब शिपाई मात्र राजा गेल्यावरही शहरात काही दिवस लढत राहिले, ही गोष्ट दरबाऱ्यांना भूषणावह नाही.

मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेब कैद झाले. गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी बसले आणि १८२६ पर्यंत त्यांच्या नावाने रेसिडेंट जेंकिन्सने राज्य चालविले. द्वाही राजाची फिरे. खजिना, फौज आणि न्याय मात्र साहेबाच्या हाती. जेंकिन्सने वसुलाची घडी बसविली, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती बसविण्याचा अधिकार त्याला रयतेने दिला नव्हता, तोफांनी दिला होता.

विरोध उरला तो आपल्या सातपुड्यात. अलाहाबादेकडे नेत असता मे महिन्यात आप्पासाहेब शिपायाच्या वेषात निसटले व महादेवाच्या डोंगरांत आले. हर्रईचा गोंड सरदार चैनशहा त्यांच्या पाठीशी उभा राहिला. जुलैत बैतुलाजवळ कॅप्टन स्पार्क्सची तुकडी गोंड-अरबांनी कापून काढली. पांढुर्ण्याहून घाट चढून गेल्यावर लागणारी मुलताईही काही काळ अरबांच्या ताब्यात होती. एप्रिल १८१९ मध्ये अशीरगड पडला आणि हा प्रतिकार संपला. आप्पासाहेब भटकत अखेर जोधपुरास गेले व १८४० साली तेथेच वारले. ज्या गोंडांनी त्यांना डोंगरात सांभाळले, त्यांनी मात्र कोणत्याही तहावर सही केली नव्हती.