पहिला शेअर घेण्यापूर्वी : शिरूर-दौंड परिसरातील नव्या गुंतवणूकदारांसाठी



शिरूर आणि दौंड या तालुक्यांना ‘शेअर’ हा शब्द अपरिचित नाही. न्हावऱ्याच्या घोडगंगा किंवा पाटसच्या भीमा सहकारी साखर कारखान्याचा शेअर घेऊन सभासद झालेली असंख्य कुटुंबे या भागात आहेत. तो कागद घरोघरी सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी जपून ठेवलेला असतो. मात्र कारखान्याचा शेअर आणि बाजारातील कंपनीचा शेअर यांत मूलभूत फरक आहे. सहकारात शेअर कितीही असले तरी सभासदाचे मत एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मते. कारखान्याच्या शेअरचा भाव रोज वरखाली होत नाही. कंपनीच्या शेअरचा भाव मात्र क्षणाक्षणाला हलतो. पहिल्याच्या अनुभवावर विसंबून दुसऱ्याच्या वाटेला गेलेला माणूस फसण्याचा संभव अधिक.

पूर्वी ही वाटच अवघड होती. मुंबईचा शेअर बाजार १८७५ सालचा, पुण्याचा १९८२ मधला. दौंडच्या माणसाला शेअर घ्यायचे तर पुण्याची गाडी पकडून दलालाची पेढी गाठावी लागे. शेअरचे कागद टपालाने येत, सही जुळली नाही तर परत जात आणि नाव चढण्यास महिनोन् महिने लागत. १९९६ च्या निक्षेपागार कायद्याने कागदाची जागा डीमॅट खात्याने घेतली, २००० साली इंटरनेटवरून व्यवहारास परवानगी मिळाली आणि जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरांचा व्यवहार दुसऱ्या कामकाजाच्या दिवशीच पुरा होऊ लागला. पुण्याचा शेअर बाजार २०१५ मध्ये बंद झाला. त्याचे काम आता खिशातल्या फोनवर होते.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारा तरुण पगारातून दोन हजार रुपये बाजूला काढतो. त्याच्या वडिलांच्या हाती उसाचे बिल किंवा एखाद्या वेळी भूसंपादनाचा मोबदला येतो. ही दुसरी रक्कम आयुष्यात एकदाच येणारी असते. ती कोणाच्या हाती सोपवायची, हा प्रश्न म्हणूनच कोणता शेअर घ्यावा या प्रश्नाच्याही आधीचा आहे.

येथे एक भेद स्पष्ट व्हावयास हवा. दलाल हा केवळ खरेदी-विक्रीचा मध्यस्थ असतो. गुंतवणूकदाराचे शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या निक्षेपागारांत त्याच्या स्वतःच्या नावावर असावे लागतात. “पैसे माझ्या खात्यावर टाका, महिन्याला ठराविक टक्के देतो,” असे सांगणारा इसम दलाल नव्हेच. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक गावांत अलीकडच्या काळात शेअर बाजाराच्या नावाने अशाच ठेवी गोळा झाल्या आणि लोकांचे पैसे बुडाले. निश्चित परताव्याची हमी देण्यास नोंदणीकृत दलालाला मनाई आहे. हमी देणाऱ्याची ओळख पटण्यास एवढी एक खूण पुरेशी आहे.

नोंदणी तपासणे कठीण नाही. सेबीच्या संकेतस्थळावर प्रत्येक दलालाचे नाव आणि आयएनझेड या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो. गावातला प्रतिनिधी स्वतःला ‘अधिकृत व्यक्ती’ म्हणवीत असेल, तर त्याचेही नाव शेअर बाजाराच्या यादीत असले पाहिजे. त्याच्या वैयक्तिक खात्यावर एक रुपयाही जाता कामा नये. मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक तर त्यालाच काय, घरच्या माणसालाही सांगू नये.

मोठे नाव म्हणजे सुरक्षितता, असाही समज आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने हैदराबादच्या कार्व्ही या देशातील मोठ्या दलाल कंपनीवर निर्बंध आणले, ते ग्राहकांचे शेअर गहाण ठेवून स्वतःसाठी कर्ज उचलल्यामुळे. त्यानंतर नियम कडक झाले आणि १ सप्टेंबर २०२० पासून तारण दिलेले शेअरही ग्राहकाच्याच खात्यात राहतात. तरीही निक्षेपागाराकडून येणारे एकत्रित विवरणपत्र उघडून पाहण्याची सवय हवीच. दलालाचे ॲप काय दाखविते याहून निक्षेपागार काय लिहितो, ते खरे.

आता खर्च. काही दलाल प्रत्येक व्यवहाराला ठराविक रक्कम घेतात, काही टक्केवारीने. समजा एकाचा दर व्यवहारामागे वीस रुपये आहे आणि दुसऱ्याचा अर्धा टक्का. दोन हजारांच्या खरेदीवर पहिला वीस घेईल, दुसरा दहाच. दोन लाखांच्या खरेदीवर पहिल्याचे वीसच राहतील, दुसऱ्याचे मात्र हजार होतील. चार हजारांवर दोघे बरोबरीत येतात. म्हणजे पगारातून थोडेथोडे घेणाऱ्या मुलाला जो स्वस्त, तो वडिलांना महाग पडू शकतो. एकाच घरात दोन उत्तरे निघतात. शेअर घेऊन ठेवणाऱ्यास दलाली पूर्ण माफ करणाऱ्या पेढ्याही आहेत. परंतु त्यांनाही कर्मचाऱ्यांचे पगार द्यावयाचे असतात. ते उत्पन्न रोजच्या उलाढालीतून, वायदे व्यवहारांतून आणि उसन्या पैशाच्या व्याजातून येते, आणि ॲपचा पडदा ग्राहकाला हळूच तिकडे वळवीत असतो. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार मागील तीन आर्थिक वर्षांत वायदे व्यवहार करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णव जणांना तोटा झाला आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक भरला. नवख्याने ही सोय खाते उघडतानाच नाकारावी.

दलाली माफ झाली तरी सरकारी कर चुकत नाही. खरेदीवर आणि विक्रीवर शंभर रुपयांमागे दहा पैसे कर लागतो, शिवाय विक्रीच्या वेळी निक्षेपागाराचे शुल्क असते. डीमॅट खात्याचे वार्षिक शुल्क मात्र वाचविता येते. एकच खाते असलेल्या आणि चार लाखांपर्यंत शेअर बाळगणाऱ्या व्यक्तीला सप्टेंबर २०२४ पासून मूलभूत सेवा खात्यात हे शुल्क पडत नाही. खाते उघडताना वारसाचे नावही नोंदवावे. ते राहिले की पुढे विधवेला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

वाडीवस्तीवर रेंज जाते, वीजही जाते. अशा वेळी फोनवर मराठीतून सौदा घेणारा माणूस दलालाकडे आहे काय, त्याचे वेगळे शुल्क किती, हेही आधीच विचारून घ्यावे. तक्रार उद्भवल्यास ती प्रथम दलालाकडे लेखी द्यावी, दाद न लागल्यास सेबीच्या स्कोअर्स या व्यवस्थेवर नोंदवावी. सेबीचा निःशुल्क दूरध्वनी १८०० २६६ ७५७५ हा आहे.

निवड झाल्यावर मोठी रक्कम लगेच पाठवू नये. एखाद्या प्रस्थापित कंपनीचा एकच शेअर घ्यावा, पुढच्या कामकाजाच्या दिवशी तो निक्षेपागाराच्या नोंदीत आला का ते पाहावे, मग तो विकून पैसे शिरूरच्या किंवा दौंडच्या आपल्या बँक खात्यात परत मागवावेत. किती दिवस लागले आणि किती रुपये कापले गेले, ते वहीत लिहून ठेवावे. हिशेब जुळला तर दुसरी रक्कम पाठवावी, न जुळल्यास खाते बंद करून दुसरा दलाल पाहावा.