गेल्या वर्षाचा हिशोब आपणच लिहू

(काशीदजवळच्या वाडीत दिवाळीनंतर झालेल्या सभेतलं भाषण. नोव्हेंबर 2020.)



गेल्या वर्षात आमच्या घरानं काय गमावलं ते सांगायला आम्ही उभे आहोत. रडगाणं गायचं नाही. इथं बसलेल्या प्रत्येक घरात असंच काहीतरी घडलंय. पण ते कुठं लिहिलं गेलं नाही. आणि जे लिहिलं नाही ते सरकारच्या लेखी घडलेलंच नसतं. म्हणून सांगतोय.

आपलं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. दिवाळी झाली, मुकादम वाडीत आला, उचल हातात पडली, की आपलं वर्ष सुरू. 2019 च्या दिवाळीनंतर आम्ही पाच माणसं पेणच्या पलीकडं वीटभट्टीवर गेलो. आय, बा, थोरला भाऊ, आम्ही आणि नववीतली बहीण. आजी तेवढी वाडीत राहिली.

24 मार्चच्या रात्री देश बंद झाला. शेठनं आठ-दहा दिवस तांदूळ दिला, मग हात वर केले. हिशोब मागितला तर म्हणाला, तुमचीच उचल फिटायची राहिली. पाच माणसांनी चार महिने चिखल तुडवला आणि देणं आमच्याच अंगावर! गाडी नव्हती. चालत निघालो. दिवसा नाक्यावर अडवायचे म्हणून रात्री चाललो. पोयनाड, चौल, रेवदंडा, मग खाडीवरचा साळावचा पूल. तिसऱ्या पहाटे वाडी दिसली.

वाडीत आलो तर काशीदचा किनारा ओस. दरसाल उन्हाळ्यात आपल्या बाया करवंदं, जांभळं, आंबे घेऊन रस्त्याला बसतात. त्या पैशावर पावसाळ्याचं मीठमिरची निघतं. यंदा पर्यटक नाही, म्हणजे मीठमिरचीही नाही. रेशनचा तांदूळ आला म्हणून चूल पेटली. ज्यांच्याकडं कार्डच नाही त्यांनी काय खाल्लं, ते त्यांनाच विचारा.

मग 3 जून. निसर्ग वादळ. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. किनाऱ्यावरची सुरूची झाडं आडवी झाली, रस्ते बंद पडले. आमच्या घराची कौलं गेली, मग कारवीचा कूड बसला. आजीला मधे घेऊन आम्ही बांधाच्या आडोशाला बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दळीवर गेलो. अकरा काजू आणि चार आंबे मुळासकट उपटलेले. ते आंबे बाच्या बानं लावलेले. बा काही बोलला नाही. पडलेल्या बुंध्यावर नुसता बसून राहिला.

सरकारनं मदत जाहीर केली. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, बागेला हेक्टरी 50 हजार. पंचनाम्याला माणसं आली. पहिला सवाल, घराखालची जागा कोणाच्या नावावर? ती मालकाच्या सातबाऱ्यावर. दुसरा सवाल, झाडांचा सातबारा दाखवा. दळीचा सातबारा आमच्याकडं कुठून येणार? झाडं पडलेली त्यांनी डोळ्यांनी बघितली, पण कागदावर काही लिहिलं नाही.

श्रावणात बा गेला. दम लागला होता. गाडी मिळेपर्यंत दुपार झाली आणि वाटेतच संपलं. बहिणीची शाळा मोबाइलवर गेली. घरात एक साधा फोन, त्यालाही रेंज नाही. ती आता शाळेचं नाव काढत नाही.

हे आमचं वर्ष. एक माणूस, एक घर, पंधरा झाडं, एका पोरीची शाळा.

आता बाच्या दाव्याचं सांगतो. दळीचा वनहक्क दावा बाच्या नावानं भरलेला आहे, अजून निकाल नाही. बा गेल्यावर आम्ही कचेरीत चौकशी केली. कळलं ते असं: स्थळपाहणीला माणसं आली होती, शेरा मारला 'दावेदार गैरहजर'. गैरहजर कुठं होता दावेदार? भट्टीवर! म्हणजे बघा, उचल आपल्याला वाडीतून उचलते, आणि आपण वाडीत नाही म्हणून जमीन जाते. जमीन नाही म्हणून पुन्हा उचल. ही गाठ आहे. वादळानं ती मारली नाही, नुसती उघडी करून दाखवली.

म्हणून यंदा आमच्या घरानं ठरवलं, आय आणि आम्ही वाडी सोडणार नाही. थोरला भाऊ मात्र गेला. त्याला दोन लेकरं आहेत, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. घर दोन ठिकाणी झालं, हेही या वर्षाच्या हिशोबातच धरा.

पण जे राहिलेत त्यांनी नुसतं बसायचं नाही. कायदा काय म्हणतो ते ध्यानात ठेवा.

एक. पाहणीच्या आधी दावेदाराला कळवायलाच पाहिजे. न कळवता आले असतील तर पाहणी पुन्हा करा म्हणून वनहक्क समितीकडून लेखी मागा.

दोन. दावेदार मेला म्हणून हक्क मरत नाही, तो वारसाला जातो. नवराबायको असतील तर पट्टा दोघांच्या नावानं द्यायचा असतो. आमच्या आयचं नाव आम्ही दाव्यात घालतोय. ज्या घरात माणूस गेला त्या प्रत्येक घरानं हे करायचं.

तीन. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत होतो याचे एकाहून जास्त पुरावे लागतात. बांध, घर, सपाट केलेली जमीन हे पुरावे आहेत. म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा आहे, पण तो दावेदाराचा स्वतःचा चालत नाही. तेव्हा या घरानं त्या घरातल्या म्हाताऱ्याचा घ्यायचा. लवकर घ्या. यंदा किती म्हातारी माणसं गेली!

चार. फणसाड 1986 ला अभयारण्य झालं म्हणून तुमचा दावा चालत नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत तुम्हाला हलवता येत नाही. दावा नाकारला तर लेखी कळवावं लागतं, आणि तिथून 60 दिवसांत अपील करता येतं.

पाच. पडलेली झाडं तोडून सरपण करण्याआधी मोजा. बुंधा, जात, जागा, सगळं वहीत लिहा. बुंध्याची जाडीच सांगते झाड किती जुनं. वाडीच्या सभेत वाचा, सह्या-अंगठे घ्या. सभेला निम्मी माणसं पाहिजेत, त्यात तिसरा हिस्सा बाया. नाहीतर सभाच धरत नाहीत.

खायचं काय, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. रोजगार हमीचं काम लेखी मागा, पोच घ्या. खावटीचे 4000 मंजूर झालेत, निम्मे रोख, निम्म्याच्या वस्तू. आपण कातकरी आदिम जमात, आपलं नाव यादीत पाहिजे. एवढ्यात वर्ष निघत नाही, हे आम्हालाही कळतं. ज्याला जावंच लागेल त्यानं जावं, पण उचलीचा आकडा आणि मुकादमाचं नाव वाडीत लिहून ठेवून जावं. उचलीपायी माणसाला अडकवून ठेवणं 1976 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि त्याच्या दाव्याची पाहणी आली तर शेजाऱ्यानं हजर राहून त्याला निरोप धाडावा.

इथून जवळच उरणला, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात 25 सप्टेंबर 1930 ला आपला नाग्या कातकरी गोळीला छाती देऊन पडला. त्याला यंदा नव्वद वर्षं झाली. आपल्याला आज छाती द्यायची नाही. वही द्यायची आहे, आणि जागेवर हजर राहायचं आहे.

पुढच्या सभेला प्रत्येक घरानं आपल्या वर्षाचा हिशोब लिहून आणावा. ज्याला लिहिता येत नाही त्यानं शाळेतल्या पोराला घेऊन बसावं. आमच्या घरचा हिशोब बहिणीनं लिहायला घेतलाय.

जमीन आमच्या हक्काची! जोहार.