ऊर्णनाभीचा धडा



विज्ञानाच्या गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानास मराठीच्या निवृत्त प्राध्यापकास पाचारण केले, याचे काहींना नवल वाटले असेल. त्यातून मी विषय निवडला आहे तो भातशेतीतल्या एका कोळ्याचा. त्या कोळ्याचे एक जुने ऋण माझ्यावर आहे.

आठवीत असताना गुरुजींनी आम्हांस शाळेमागच्या भाताच्या बांधावर नेले आणि समोरच्या पातीवरील कोळी शोधावयास सांगितले. आम्हां वीसेक मुलांपैकी एकासही तो दिसेना. गुरुजींनी पातीला हळूच बोट लावले, आणि पातीचीच एक शीर चालू लागली! पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून हा प्राणी पातीशी एकजीव होतो.

याच्या प्रजातीचे नाव टेट्राग्नॅथा, म्हणजे ग्रीक भाषेत ‘चार जबड्यांचा’. तिच्यात ३०० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी वाल्केनार यांनी १८४१ मध्ये वर्णिलेली मॅन्डिब्युलाटा ही जाती भारतापासून फिलिपाईन्सपर्यंत, तसेच पश्चिम आफ्रिका व ऑस्ट्रेलियातही आढळते. मीलनसमयी नर आपल्या लांब जबड्यांवरील काट्याने मादीचे विषदंत अडकवून धरतो. प्रणयातही सावधगिरी सुटत नाही!

पाण्याकाठी तो चाकासारखे, मध्यभागी मोकळे छिद्र असलेले जाळे विणतो. त्यात तुडतुडे, चिलटे सापडतात. शेतकऱ्याचा हा बिनपगारी राखणदार आहे. कीटकनाशके अशा राखणदारांनाच आधी मारतात व तपकिरी तुडतुडे अधिकच फोफावतात, हे ओळखून इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

आता ऋणाविषयी. त्याच वर्षी मी निबंधात ऊर्णनाभीचा दृष्टांत योजला होता. कोळी स्वतःतूनच तंतू काढतो आणि पुन्हा गिळतो, तसेच ईश्वर विश्व निर्मितो व आवरून घेतो. मुंडकोपनिषदात तो आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कोळी आहे आणि याच स्कंधावर नाथांनी काशीत १५७३ मध्ये आपली टीका पूर्ण केली. माझा निबंध वाचून गुरुजींनी एवढेच विचारले, “तू हे पाहिलेस का?”

मी पाहिले नव्हते. पुढे तीस वर्षे वर्गात हाच दृष्टांत शिकवला, तरीही पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर एका सायंकाळी त्याच बांधावर बसलो. कोळ्याने जुन्या जाळ्याचे तंतू गोळा करून खरोखरच गिळले आणि नवे जाळे मांडले. मात्र भागवतात म्हटल्याप्रमाणे तंतू मुखातून निघत नव्हता. तो पोटाच्या टोकाशी असलेल्या तंतुग्रंथींतून येत होता. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी गिळणे नीट पाहिले होते. उगम मात्र गृहीत धरला होता.

यात परंपरेचा उपमर्द नाही. दृष्टांत म्हणजेच ‘पाहिलेला अंत’. ज्याने प्रथम तो योजला, त्याने डोळे उघडे ठेवले होते. आम्ही पाठांतर करणाऱ्यांनी ते मिटले.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला पन्नासाहून अधिक वर्षे लागली. ते ऐकावयास आज गुरुजी नाहीत. समोर बसलेल्या मुलांनी इतका विलंब करू नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.