बोअरचं पाणी मोबाइल तपासेल का?

मी यावलचा, कामाने सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे गावाकडून एक प्रश्न हमखास येतो: "भो, बोअरचं पाणी चांगलं आहे का, ते सांगणारं अ‍ॅप बनव ना!" आज त्याचंच उत्तर.

कल्पना हवेतली नाही. कार्बनचे दहा नॅनोमीटरपेक्षाही लहान कण पाण्यात टाकून त्यावर नोटा तपासायची यूव्ही टॉर्च धरली, तर ते बऱ्याचदा निळे चमकतात. हे कार्बन डॉट्स. 2004 मध्ये ते योगायोगाने सापडले. केळीच्या सालीपासूनही ते बनतात. बंद भांड्यात, पाण्यात, भरपूर तापवून. साल तर आपल्याकडे ढिगाने! शेजारच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूरच्या एच. आर. पटेल फार्मसी संस्थेतही अशाच चमकणाऱ्या ग्राफीन क्वांटम डॉट्सवर संशोधन झालंय.

पाण्यात लोहाचे आयन असले की ते या कणांना चिकटतात. मग कणाला मिळालेली ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडत नाही आणि चमक मंदावते. किती मंदावली, हे मोबाइलचा कॅमेरा मोजू शकतो.

आता अडचणी. पहिली माझ्या धंद्यातली: अंधार दिसला की कॅमेरा स्वतःच फोटो उजळ करतो. म्हणून एक्स्पोजर लॉक करायचं, फोटो काळ्या डब्यात काढायचा आणि शेजारी प्रमाण माहीत असलेले नमुने ठेवायचे. हे जमण्यासारखं आहे.

दुसरी अडचण मोठी. सालीचे डॉट्स प्रामुख्याने लोह ओळखतात, आपला प्रश्न मात्र नायट्रेटचा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात जास्त नायट्रेट असलेल्या देशातल्या पंधरा जिल्ह्यांत जळगावचं नाव आहे. मर्यादा आहे लिटरला 45 मिलिग्रॅम. पिकाला दिलेल्या युरियातलं जे मुळांना लागत नाही, ते नायट्रेट होऊन खाली झिरपतं. शेणखड्ड्यांचं आणि सांडपाण्याचंही तसंच. त्याला ना रंग, ना वास. पाणी उकळलं तरी ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद त्याने कमी होते. आणि नायट्रेट या कणांना सहजी चिकटत नाही, म्हणजे पाणी वाईट असूनही चमक तशीच राहील! "चमकतंय म्हणजे शुद्ध" असं धरलं, तर तेच पाणी बाळाच्या बाटलीत जाईल.

म्हणून कुणी सेन्सर दाखवला की तीन प्रश्न विचारा. कोणता आयन ओळखतो? किती प्रमाणापासून? पाण्यात दुसरे आयन असले तर फसतो का?

तोवर ग्रामपंचायतीत जलजीवन मिशनचं फील्ड टेस्ट किट असेल, तर त्यावर नायट्रेट बघून घ्या. जास्त आलं, तर नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. अ‍ॅप मी बनवेन हो, पण आधी तुम्ही बाटली भरा!