पोर सांभाळणारीला हात द्या



घाटकोपर, मुलुंड, अंधेरी या मुंबईच्या उपनगरांत कितीतरी घरांतून सकाळी आईबाप दोघंही कामाला बाहेर पडतात. मागं राहिलेलं तीन-चार वर्षांचं पोर कुणाजवळ असतं? गावाहून आलेल्या आजीजवळ, नाहीतर शेजारच्या मावशीजवळ. तिच्या दारावर पाळणाघराची पाटी नसते. पण मूल शाळेत येतं ते तिच्या हाताखालून. खेड्यात हेच काम बहुधा थोरल्या बहिणीच्या कडेवर पडतं.

अशा बाईला आपण सांगतो, 'अक्षरं गिरवून घ्या.' ती पाटी पुढं करते, पोर रडतं, आणि तिला वाटतं, आपण अडाणी, आपण काय शिकवणार? ही मागणीच मुळात उफराटी आहे.

ताराबाई मोडकांनी हे ओळखलं होतं. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम मांडलं. अनुताई वाघ सोबतीला होत्या. (बोरिवलीहून याच पश्चिम रेल्वेनं वर गेलं की घोलवड स्टेशन, तिथून बोर्डी जवळच.) मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. तीच अंगणवाडी. थोरली मुलं धाकट्यांपायी घरी अडकतात हे दिसलं, तेव्हा पुढं विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली.

तेव्हा आजीला तिच्या हातातलंच काम दाखवा. तूर आणि वाटाणे एकत्र करून पोराला निवडायला बसवा. त्यानं चिमूट बळकट होते. तीच पुढं पेन्सिल धरते. (नजर मात्र हवी, पोरं दाणे नाकात घालतात!) 'बाबाच्या भाकऱ्या किती, तुझ्या किती?' हे गणितच. गोष्ट मध्येच थांबवून 'मग काय झालं असेल?' विचारा. आपलं पूर्ण नाव सांगणं, डबा उघडणं, 'लघवीला जायचंय' असं न लाजता बोलणं, हे पहिल्या आठवड्यात अक्षरांहून जास्त उपयोगी पडतं. आणि आजी मालवणी बोलो की अहिराणी, तिला हटकू नका. पोर जिच्यात भरभरून बोलतं, त्या बोलीच्या आधारानंच ते पुस्तकातली मराठी शिकतं.

गुरुजी, बाई, जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आईबापांबरोबर हिलाही बोलवा, तासभर वर्गात बसवा. आणि धाकट्याला कडेवर घेऊन एखादी पोरगी दाराशी आली, तर तिला माघारी धाडू नका. कोपऱ्यात एक सतरंजी अंथरा.